तांदळातलं नाव

गेल्या डिसेंबरात भाचीचं लग्न झालं. संध्याकाळी रिसेप्शन, म्हात्रे पुलापलीकडच्या एका लॉन्सवर. खुर्च्यांना सॅटिनचे बो, शालीखाली कुडकुडणाऱ्या बायका आणि स्टेजच्या कडेला तीन पोरांचा बँड. पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असूनही पाकिटं घेतलेली रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. तेवढ्यात त्या पोरांपैकी एकानं गिटारवर संथ सूर धरले आणि मी जिलबी तोंडाशी नेता नेता थांबले. इंग्लिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचं ‘वंडरफुल टुनाईट’. कॉलेजात असताना कॅम्पातल्या दुकानातून घेतलेल्या कॅसेटवर मी ते इतकं ऐकलं होतं की मधल्या एका ठिकाणी टेप चावली गेली होती. अजूनही मूळ गाणं ऐकताना त्या जागी माझा कान ती चावलेली टेप ऐकतो.

शेजारी आत्या बसली होती. वय ८१. साउंडवाल्याच्या कृपेनं शब्द काही कळत नव्हते, म्हणून तिनं विचारलं, “काय म्हणतोय गं हा?”

मी सांगितलं, पार्टीला जायचंय, बायको तयार होतेय. काय घालू विचारतेय, केस विंचरतेय, मग मी बरी दिसतेय ना, असं विचारते. तो म्हणतो, फार छान दिसतेस.

“एवढंच?”

“मग पार्टीत जातात. शेवटी त्याचं डोकं दुखायला लागतं. तो गाडीची किल्ली तिला देतो आणि तीच त्याला घरी आणून झोपवते.”

आत्यानं क्षणभर विचार केला. “म्हणजे प्यायलाय,” ती म्हणाली. “आणि हे लग्नात वाजवतात?”

मी तीस वर्षं हे गाणं ऐकत होते आणि हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“तुझे काका जन्मभर दारात चपला घालून, हातात कुलूप घेऊन उभे राहिले,” आत्या पुढे म्हणाली. “पण त्यांनी गाणं नाही केलं. ‘आटप’ म्हणायचे.”

क्लॅप्टनही मनात ‘आटप’च म्हणत होता. ७ सप्टेंबर १९७६ची संध्याकाळ. बीटल्स या इंग्लिश बँडमधला पॉल मॅकार्टनी दरवर्षी बडी हॉली या अमेरिकन गायकाच्या आठवणीत पार्टी द्यायचा, तिथं जायचं होतं. क्लॅप्टन कधीचा तयार होऊन खाली बसलेला आणि वर ती एक झगा चढवतेय, एक उतरवतेय. वाट बघून कंटाळलेल्या माणसानं गिटार हातात घेतली, आणि ती खाली येईपर्यंत गाणं जवळजवळ झालं होतं. त्या गाण्यातली, आरशासमोरची बाई म्हणजे पॅटी बॉइड. साठच्या दशकातली लंडनची नावाजलेली मॉडेल, आधी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची बायको, मग त्याच्या जिवलग मित्राची, म्हणजे क्लॅप्टनची.

इकडे स्टेजवर बायकांनी भाचीला गराडा घातला होता. “नाव घे! नाव घे!” भाचीनं मोबाइलवरून वाचून उखाणा म्हटला. जावयानंही घेतला, हल्ली घेतात. टाळ्या पडल्या, गिटार चालूच. त्या गोंधळात माझ्या मनात एक गोष्ट आली आणि तेव्हापासून ती तिथंच ठाण मांडून बसली आहे. हे प्रेमगीत म्हणजे उलटा उखाणाच की. आपल्याकडे बाईनं यमक जुळवून नवऱ्याचं नाव घ्यायचं, तिकडे पुरुषानं सूर जुळवून तिचं. फरक एवढाच की पॅटी बॉइडवर दोन नवऱ्यांनी मिळून जी जगप्रसिद्ध गाणी केली, त्यातल्या एकाही गाण्यात तिचं नाव नाही.

१९६९चं हॅरिसनचं ‘समथिंग’ घ्या. त्यात फक्त ‘ती’ आहे. हे तुझ्यावर केलंय असं त्यानं स्वयंपाकघरात आपल्याला सांगितलं होतं, असं पॅटी सांगते. पुढे मुलाखतींमधून हॅरिसन वेगळं सांगू लागला, गाणं करताना माझ्या डोक्यात रे चार्ल्सचा आवाज होता वगैरे. आता सर्वनामावर हक्क कसा सांगणार? ‘ती’ कुणीही असू शकते. क्लॅप्टनच्या ‘लैला’त नाव आहे, पण ते दुसरीच्या गोष्टीतलं. आणि ‘वंडरफुल टुनाईट’मध्ये पुन्हा नुसतं ‘तू’.

नावाचा विषय मला इतका का लागला, ते पुढे येईलच. आधी तिच्याबद्दल.

पॅट्रिशिया ॲन बॉइड. जन्म १७ मार्च १९४४, इंग्लंडमधल्या टाँटनचा. वडील हवाई दलात वैमानिक, विमान अपघातात चेहरा आणि हात भाजलेले. पुढे सुंदर चेहऱ्याच्या जोरावर जगणाऱ्या मुलीच्या घरात रोज जेवायला समोर बसणारा पहिला पुरुष हा असा होता. यावर ती स्वतः फार काही म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. १९४८मध्ये कुटुंब केनियात गेलं. तिथं मुलीला बोर्डिंगमध्ये ठेवलं, आईवडिलांचा काडीमोड झाला, आईनं दुसरं लग्न केलं. १९५३मध्ये नव्या बापासह परत इंग्लंड. मग कॉन्व्हेंट. १९६२मध्ये ही लंडनला आली आणि एलिझाबेथ आर्डेनच्या सलूनमध्ये बायकांची डोकी धुण्याच्या कामाला लागली. तिथं आलेल्या एका गिऱ्हाईक बाईनं, ती मासिकात होती, विचारलं, मॉडेलिंग का करत नाहीस?

तेव्हाचं मॉडेलिंग म्हणजे आजच्यासारखं पाच माणसं भोवती फिरताहेत असं नव्हतं. मेकअप स्वतःचा स्वतः करायचा, केसही स्वतःच. बूट, विग, खोट्या पापण्या, कानातलीगळ्यातली, सगळं एका थोरल्या पिशवीत भरायचं आणि ती पिशवी खांद्याला मारून या फोटोग्राफरकडून त्या फोटोग्राफरकडे हिंडायचं. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकातल्या नटाची ट्रंक आठवावी. पॅटीच्या पुढच्या दातांत फट होती, ओठ लहान मुलीसारखे, डोळे हे एवढाले. दहा वर्षांपूर्वी हिला कुणी दारात उभं केलं नसतं. पण फॅशन डिझायनर मेरी क्वांटचे आखूड झगे आले, आणि भारदस्त, राणीसारख्या दिसणाऱ्या बायकांऐवजी शाळेतून पळून आल्यासारखी दिसणारी मुलगी सगळ्यांना हवी झाली. डेव्हिड बेलीनं तिचे फोटो काढले, टेरेन्स डोनोव्हननं काढले, ‘व्होग’मध्ये आली. नंतर जिचं नाव जगभर झालं त्या ट्विगीनंही सुरुवातीला हिच्यासारखंच दिसायचा प्रयत्न केला होता.

रिचर्ड लेस्टर नावाच्या दिग्दर्शकानं बटाट्याच्या वेफर्सच्या जाहिरातीत तिला घेतलं होतं. १९६४च्या मार्चमध्ये तो बीटल्सचा पहिला सिनेमा करत होता, त्यात आगगाडीच्या डब्यातली शाळकरी मुलगी म्हणून त्यानं हिला उभं केलं. संवाद एका शब्दाचा. ते चौघे म्हणजे कोण असावेत, यावर तिनं विचारायचं, “प्रिझनर्स?” कैदी?

बस्स. अख्ख्या सिनेमात एवढंच. पुढची वीसेक वर्षं माहीत असलेल्या माणसाला तो शब्द ऐकून हसू येतं आणि मग येत नाही.

त्या गाडीत जॉर्ज हॅरिसननं विचारलं, माझ्याशी लग्न करशील? ती हसली. मग निदान रात्री जेवायला तरी चल. तिचा तेव्हा एक मित्र होता म्हणून ती नको म्हणाली, आणि थोड्याच दिवसांत त्या मित्राला निरोप देऊन हो म्हणाली. पहिल्या जेवणाला सोबत कोण, तर बँडचा मॅनेजर ब्रायन एपस्टाईन! आपल्याकडे मुलगी बघितल्यावर ‘जरा बाहेर फिरून या’ म्हणतात आणि मागून धाकटा भाऊ पाठवतात, तसलाच प्रकार. पुढे लग्नाचं ठरवतानाही हॅरिसननं गाडी एपस्टाईनच्या घराशी थांबवली, आत जाऊन विचारून आला आणि मग हिला सांगितलं, ब्रायन हो म्हणतोय. रॉक म्हणजे सगळं झुगारून देणं, असं आम्ही होस्टेलवर एकमेकींना ऐकवायचो. यात कुणी काय झुगारलं? घरात एक थोरला बसलेलाच होता.

२१ जानेवारी १९६६ला एप्सम इथं नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. मेरी क्वांटनं केलेला लालसर रेशमी आखूड झगा. आणि मग, मॉडेलिंग पुरे. तिनं काम कमी करावं ही नवऱ्याची इच्छा होती, आणि तेव्हा तिनंही ती मानली. बाहेर चाहत्या मुली तिचे केस ओढत, लाथा मारत, नावं ठेवत. मराठीत एका अनुस्वाराचा फरक: ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’. तिच्या वाट्याला दोन्ही आलं.

आता आत्याचा भाग.

१९६६च्या सप्टेंबरात हे जोडपं मुंबईला आलं. हॅरिसनला रविशंकरांकडे सतार शिकायची होती. मुक्काम सहा आठवड्यांचा, उतरले ताजमध्ये. कुणी ओळखू नये म्हणून त्यानं मिशी वाढवली होती आणि हॉटेलात नाव लिहिलं होतं मिस्टर अँड मिसेस सॅम वेल्स. म्हणजे लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिची तीन नावं झाली. अर्थातच काही दिवसांत बातमी फुटली, ताजखाली पोरापोरींची झुंबड उडाली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि शेवटी गुरुजी शिष्याला घेऊन काश्मीरला हाउसबोटीत जाऊन राहिले.

त्या झुंबडीत आमची आत्या होती. वय २२, फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट, राहायला गिरगावात. ऑफिसातल्या दोन ख्रिश्चन मैत्रिणींनी तिला ओढून नेलं. “मला बीटल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं,” ती सांगते. “मला वाटलं कुणी नट असेल.” तासभर उभ्या राहिल्या. वर खिडक्या नुसत्या. एकदा एक पडदा हलला तर सगळ्या किंचाळल्या, बहुतेक झाडलोट करणारा असावा. मग चणे घेतले, चर्चगेटपर्यंत चालत गेल्या, घरी उशीर झाला म्हणून आजीनं चांगलं फैलावर घेतलं. बीटलदर्शनाची हकीकत एवढीच. मी तिला परवा म्हटलं, अगं, त्या खिडकीआड तुझ्याच वयाची एक मुलगी होती, तिचंही त्याच वर्षी लग्न झालं होतं. आत्या म्हणाली, “तिला तर खालीही उतरता आलं नसेल.”

पुढचं सगळ्यांना माहीत असतं: बीटल्स आणि महर्षी महेश योगी, ऋषिकेश, गंगेकाठी माळा घातलेले चौघे. पण सुरुवात कुणी केली? १९६७च्या सुरुवातीला पॅटीनं पेपरात ध्यानाच्या वर्गाची जाहिरात पाहिली, मैत्रिणीबरोबर जाऊन नाव घातलं, मंत्र घेतला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्या ऑगस्टमध्ये महर्षी लंडनच्या हिल्टन हॉटेलात बोलायला आले, तेव्हा बीटल्स ऐकायला गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यामागून आगगाडीनं वेल्सला निघाले. त्या गाडीची एक गोष्ट मला विसरता येत नाही. यूस्टन स्टेशनवर गर्दीत जॉन लेननची बायको सिंथिया मागे पडली, आणि पोलिसानं तिला चाहती समजून अडवलं. गाडी सुटली. बाई फलाटावर रडत उभी. नवऱ्याचं तोंड सबंध जगाला पाठ होतं, बायकोचं एका शिपायाला ओळखता आलं नाही.

ऋषिकेशला १९६८च्या फेब्रुवारीत गेलेल्यांत पॅटीची धाकटी बहीण जेनीही होती. तीही मॉडेल. त्या वर्षी गायक डोनोव्हनचं तिच्यावरचं गाणं आलं, त्यात निदान जेनिफर हे नाव तरी आहे! जेनीनं फ्लीटवुड मॅक या बँडच्या ड्रमरशी, मिक फ्लीटवुडशी लग्न केलं, काडीमोड घेतला, पुन्हा त्याच्याशीच लग्न केलं, पुन्हा मोडलं. नंतर तिसरं लग्न केलं तो नवराही ढोलवादकच, ड्रमर. दोघी बहिणींनी मिळून वाद्यवृंदच घरात घेतला होता म्हणायचं. जेनीनं पुढे मानसशास्त्राची वाट धरून पीएचडी केली. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा, तो कुणीतरी लिहावा.

१९७०मध्ये हॅरिसननं हेन्लीजवळ फ्रायर पार्क घेतलं. शंभरावर खोल्यांचा व्हिक्टोरियन वाडा, पडझडीला आलेला, भोवती माजलेली बाग. नवरा दिवसचे दिवस जपमाळेत, नाही तर स्टुडिओत. घरात कृष्णभक्तांची कुटुंबं. आणि मोठ्या घराचं जे असतं तेच: कुणाचा कुणाला पत्ता नाही. बीटल्समधल्याच रिंगोच्या बायकोशी नवऱ्याचं काय चाललंय तेही तिला याच घरात कळलं.

त्या वर्षी तिला एक पत्र आलं. बारीक अक्षर, कुठंही मोठं अक्षर नाही, खाली सही नुसती ‘ई’. मजकूर प्रेमाचा. तिला वाटलं, असेल कुणी माथेफिरू चाहता. तिनं ते नवऱ्याला आणि घरात होते त्यांना दाखवलंसुद्धा. संध्याकाळी फोन आला, पत्र मिळालं का? तो क्लॅप्टन होता.

क्लॅप्टनला एका मित्रानं निजामीच्या लैला-मजनूचं पुस्तक दिलं होतं. बाराव्या शतकातला फारसी कवी निजामी गंजवी. ती गोष्ट आपल्याला कुणी पुस्तकातून सांगावी लागत नाही. चौकात उभ्या राहणाऱ्या टपोरी पोराला आपण ‘मजनू’ म्हणतो, पण ते त्या पोराचं नाव नव्हेच. त्याचं खरं नाव कैस. मजनू म्हणजे वेडा. लोकांनी ठेवलेलं नाव त्याला चिकटलं आणि खरं गळून गेलं. लैला दुसऱ्याच्या घरात, हा रानात. क्लॅप्टनला यात स्वतःचं चित्र दिसलं. त्यानं तिला चिठ्ठ्यांत लैला म्हणायला सुरुवात केली. एक चिठ्ठी तर त्यानं स्टाइनबेकच्या कादंबरीचं पान फाडून त्यावर लिहिली. एक दिवस तिला एका फ्लॅटवर बोलावून त्यानं नव्या गाण्याची टेप लावली, एकदा, दोनदा, पुन्हा. तिच्या मनात पहिली आली ती भीती: हे मीच, हे सगळ्यांना कळणार. त्याच रात्री एका पार्टीत क्लॅप्टननं हॅरिसनला सरळ सांगितलं, तुझ्या बायकोवर माझं प्रेम आहे.

गाणं मोठंच आहे. सुरुवातीचे ते गिटारचे सूर ऐकले की आजही माझ्या अंगावर काटा येतो, त्याला इलाज नाही. पण त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. ती नाही म्हणाली तेव्हा त्यानं खिशातून हेरॉइनची पुडी काढून दाखवली: तू आली नाहीस तर मी हे घेणार. ती आली नाही. त्यानं घेतलं, आणि तीनेक वर्षं घराबाहेर फारसा पडला नाही. आपल्याकडच्या पेपरात अशी बातमी आतल्या पानावर येते, मथळा ठरलेला असतो: ‘एकतर्फी प्रेमातून’. त्याखालचा मजकूर वाचून आपण लैला-मजनूची आठवण काढत नाही. मुलीच्या घरच्यांना आता किती त्रास होईल याचा विचार करतो. गिटार चांगली वाजवली म्हणून तेवढं माफ करावं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि कॅसेटची बाजू उलटते.

१९७४च्या उन्हाळ्यात ती फ्रायर पार्क सोडून निघाली आणि पुढे क्लॅप्टनकडे गेली. तेव्हा तो हेरॉइनमधून सुटला होता आणि दारूत शिरला होता. आणि इथं ते नावाचं येतं. क्लॅप्टननं तिला पॅटी म्हणायचंच सोडलं. ते जॉर्जनं वापरलेलं नाव. यानं ठेवलं ‘नेल’. लैला गाण्यापुरती, घरात नेल.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं.

माझी आई माहेरची कुसुम. लग्नात गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजन झालं, चांदीच्या ताटात तांदूळ पसरले आणि बाबांनी अंगठीनं त्यावर लिहिलं: सुनंदा. तिला आधी विचारलं नव्हतं. सासरी एक कुसुम होतीच, माझी थोरली काकू, म्हणून आजेसासूनं ठरवलं होतं. पेढ्याचं ताट फिरलं, सगळ्यांनी नवं नाव उच्चारून पाहिलं. आई सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून कुणीतरी “सुनंदा, अगं सुनंदा” म्हणून हाका मारत होतं आणि ही शेजारीच भाजी निवडत बसली होती, हूं नाही की चूं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, मुलगी जरा कमी ऐकते का? नंतर त्या तांदळाची खीर केली. नाव खाऊन टाकलं म्हणा.

बाबा चांगले होते, आईला कधी वर बोलले नाहीत. तरी मला ते ताट आवडत नाही.

पॅटी-नेलचं लग्न २७ मार्च १९७९ला अमेरिकेत टूसानला झालं. ठरलं कसं? क्लॅप्टन आणि त्याच्या मॅनेजरमध्ये पैज लागली, उद्याच्या पेपरात तुझं नाव आणून दाखवतो. मॅनेजरनं पेपरला कळवलं की हा पॅटीशी लग्न करणार. बातमी छापून यायच्या आत नवरीला विचारणं भाग पडलं. ती तेव्हा अमेरिकेत होती, आणि त्याच्यावर रुसून गेली होती. हे वाचल्यावर मला आमचं तांदळाचं ताट त्यातल्या त्यात सभ्य वाटू लागलं. मे महिन्यात इंग्लंडला त्याच्या घराच्या बागेत मोठा मांडव घालून पार्टी झाली. जॉर्ज, पॉल, रिंगो तिघेही आले आणि एकत्र वाजवलं. जॉर्ज स्वतःला नवऱ्याचा ‘हजबंड-इन-लॉ’ म्हणवत असे. मराठीत या नात्याला शब्द नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, “आहे की. निर्लज्ज.”

नंतरची वर्षं मी भराभर सांगते, कारण दारूड्याच्या घरातले दिवस सगळे सारखे असतात. बाटल्या लपवणं, शोधणं, माफी, पुन्हा बाटली. तिला मूल हवं होतं, उपचार करूनही झालं नाही. नवऱ्याला बाहेर दोन झाली: एक मुलगी, आणि १९८६मध्ये एक मुलगा. मुलगा झाल्याचं त्यानं हिला सांगितलं तेव्हा ती कशी उभी राहिली असेल, कुणास ठाऊक. १९८७मध्ये तिनं घर सोडलं. तो मुलगा, कॉनॉर, १९९१मध्ये न्यूयॉर्कला उंच इमारतीच्या खिडकीतून पडून गेला, आणि त्यावरही गाणं झालं, तेही सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी पॅटीनं रिंगोची दुसरी बायको बार्बरा बाख हिच्याबरोबर व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एक संस्था काढली. तिच्यावर मात्र गाणं नाही.

तिच्याकडे एक कॅमेरा होता, बऱ्याच वर्षांपासूनचा. एवढी वर्षं भिंगासमोर उभं राहून ती उजेडाबद्दल काही शिकली असणारच. नवरे, मित्र, बाग, समोर दिसेल ते ती टिपत आली होती. २००५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तिनं त्या फोटोंचं प्रदर्शन लावलं. दोन वर्षांनी आत्मकथा आली. अमेरिकेत तिचं नाव गाण्यावरून ‘वंडरफुल टुनाईट’, इंग्लंडमध्ये ‘वंडरफुल टुडे’. बघा, पुस्तकालाही सासर-माहेरची दोन नावं! पण दोन्हीकडे लेखिकेचं नाव एकच: पॅटी बॉइड. हॅरिसन नाही, क्लॅप्टन नाही. २०१५मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी तिनं तिसरं लग्न केलं. हा गृहस्थ घरबांधणीच्या धंद्यातला, माझ्या माहितीत काही वाजवत नाही. नाव तिनं बॉइडच ठेवलं.

मार्च २०२४मध्ये तिनं क्रिस्टीजकडून आपल्याकडच्या वस्तूंचा लिलाव केला. ‘लैला’च्या अल्बमवर जे चित्र आहे, सोनेरी केसांच्या मुलीचं, ते मूळ चित्र तिच्याकडे होतं. अंदाज होता ४० ते ६० हजार पौंडांचा, गेलं जवळजवळ २० लाखांना. ‘ई’ सहीचं पत्र आणि ते कादंबरीचं फाटकं पानही विकलं. यावर इंटरनेटवर बरंच चर्वितचर्वण झालं, प्रेमपत्रं कुणी विकतं का वगैरे. मला तर ती बाई त्या दिवशी फार आवडली. पत्र लैलाला आलेलं होतं. लैलाचा पत्ता माहीत नाही म्हणून टपाल इतकी वर्षं हिनं सांभाळलं. आता ज्याला हवं त्यानं न्यावं.

लग्नाच्या धामधुमीनंतर जानेवारीत आईचं एक काम निघालं. आजोबांच्या गावाकडच्या जमिनीतला तिचा हिस्सा, त्याचे कागद. सातबारावर कुसुम, आधारवर सुनंदा. दोन्ही बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र हवं. कोर्टाबाहेरच्या टपरीवजा खोलीत टायपिंगवाला मुलगा पटापट मजकूर हाणत होता. “सुनंदा उर्फ कुसुम,” तो म्हणाला, “वय?”

“उर्फ काढ,” आई म्हणाली.

“आजी, उर्फच लावतात.”

“चोरांना लावतात.”

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग त्यानं विचारलं, काय लिहू, आणि आईनं सांगितलं ते त्यानं टाइप केलं: ‘मी कुसुम, लग्नानंतर सुनंदा या नावानं ओळखली जाणारी’. दोन ओळी जास्त झाल्या, कागद पुन्हा काढावा लागला, त्याचे वीस रुपये वेगळे. सही करताना आईनं पेन टेकवलं आणि थांबली. सुनंदाची सही तिला झोपेतही येते. कुसुमची शेवटची केली ती अकरावीच्या फॉर्मवर. तिनं शेजारच्या रद्दी कागदावर एकदा लिहून पाहिलं, दुसऱ्यांदा लिहिलं. ‘म’ची शेवटची रेघ खाली ओढून तिला बारीक वेलांटी काढली, शाळकरी मुली काढतात तशी, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ही अशी होती.”